डब्यात हात जातो तेव्हा मनात काय चाललेलं असतं?

रात्रीचे साडेअकरा. जेवण नऊलाच झालंय, पोट भरलेलं आहे. पण दुपारी कामाच्या ठिकाणी कुणीतरी बोललेलं एक वाक्य डोक्यातून जाता जात नाही. मग दिवाही न लावता, फ्रीजच्या उजेडात, उभ्याउभ्या बिस्किटांचा पुडा फोडला जातो. पहिली दोन बिस्किटं खरंच छान लागतात. तिसऱ्यापासून चव कळेनाशी होते, तरी हात थांबत नाही. पुडा संपला की कागद चुरगळून कचऱ्याच्या डब्यात अगदी तळाशी दाबायचा, सकाळी कुणाला दिसू नये म्हणून. आणि अंथरुणावर पडल्यावर स्वतःला ऐकवायचं, "माझा जिभेवर ताबाच नाही. उद्यापासून सगळं बंद."

माझ्या आयुष्यातलं जवळजवळ एक वर्ष असं गेलं आहे, म्हणून तो चुरगळलेला कागद मला अजून आठवतो. त्यानंतर या विषयावर मिळेल ते वाचत गेले. त्यातून एक गोष्ट पक्की पटली आणि तीच इथे सांगायची आहे. "उद्यापासून सगळं बंद" हे वाक्य आपल्याला इलाज वाटतं, पण बहुतेक वेळा पुढच्या रात्रीच्या पुड्याची तयारी त्याच वाक्याने होते. खाणं, हालचाल आणि मनःस्थिती ही तिन्ही एकमेकांच्या गळ्यात हात घालून चालतात, आणि त्यांना बिघडवणारी सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे स्वतःला धरून झोडपणं.

आधी भुकेबद्दल. पोट रिकामं झालं की घ्रेलिन नावाचं संप्रेरक वाढतं आणि मेंदूला भूक कळते. ते १९९९ साली जपानमध्ये सापडलं. शरीरातल्या चरबीतून निघणारं लेप्टिन 'साठा पुरेसा आहे' असा निरोप देतं. त्याचा शोध १९९४ चा. एवढ्यावरून वाटेल की सगळा कारभार संप्रेरकांचाच आहे. पण पॉल रोझिन या मानसशास्त्रज्ञाने १९९८ मध्ये सहकाऱ्यांबरोबर केलेला एक छोटा प्रयोग हा समज हलवून टाकतो. मेंदूला इजा झाल्यामुळे ज्यांना काही मिनिटांपूर्वीचंही आठवत नसे, अशा दोन माणसांना त्यांनी दुपारचं जेवण दिलं. ताट उचलल्यावर थोड्याच वेळाने पुन्हा ताट आणून म्हटलं, "जेवायला घ्या." दोघंही जेवले, आणि एकाहून जास्त वेळा असं घडलं. पोट भरलेलं होतं, पण जेवल्याची आठवण नव्हती.

म्हणजे 'झालं माझं' हा निर्णय पोट एकटं घेत नाही, त्यात आठवणीचाही वाटा असतो. आपली स्मृती ठणठणीत असली तरी पडद्याकडे बघत, बोलत, उभ्याउभ्या खाल्लेलं मनात धड नोंदवलंच जात नाही. सुझान हिग्ज यांच्या प्रयोगांत तर नुसतं "दुपारी काय जेवलात ते आठवा" असं सांगितल्यावरही लोकांनी नंतर कमी खाल्लं. अंधारात फ्रीजसमोर खाल्लेला पुडा त्यामुळे दोन्हीकडून फसवतो. समाधान मिळत नाही आणि अपराध मात्र लक्षात राहतो.

आता त्या दुपारच्या वाक्याकडे येऊ. अचानक संकट आलं की भूक मरते. घास घशाखाली उतरत नाही म्हणतो ते हेच. पण ताण दिवसेंदिवस मुरत राहिला की कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक चढलेलं राहतं आणि बऱ्याच जणांना गोड, तेलकट, चटकमटक खावंसं वाटतं. (काहींची भूक उलट कायमची मंदावते. माणसामाणसात हा फरक आहेच.) मेरी डॅलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर केलेल्या कामातून २००३ मध्ये असं मांडलं की गोड आणि स्निग्ध खाण्याने शरीरातली ताणाची यंत्रणा खरोखर काहीशी शांत होते. म्हणजे त्या पहिल्या दोन बिस्किटांनी बरं वाटतं हा भास नव्हे. औषध लागू पडतं, पण त्याचा असर काही मिनिटांचा असतो. ज्याला दुसरं कुठलंच औषध हाताशी नाही, तो तेच पुन्हा घेणार. यात चारित्र्याचा दोष कुठे आला?

आणि तिसरं बिस्किट? त्याला आणखी एक कारण आहे. 'हवंसं वाटणं' आणि 'आवडणं' या मेंदूच्या लेखी दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे केंट बेरिज यांनी अनेक वर्षांच्या संशोधनातून दाखवलं. डोपामाइनला सर्रास 'आनंदाचं रसायन' म्हटलं जातं, पण त्याचा संबंध मुख्यतः हवंसं वाटण्याशी आहे. वोल्फ्राम शुल्त्झ यांच्या प्रयोगात माकडांना एक खूण दाखवून मग फळाचा रस दिला जाई. सुरुवातीला रस मिळाल्यावर डोपामाइनच्या पेशी उसळत. सवय झाल्यावर त्या खूण दिसताच उसळू लागल्या आणि प्रत्यक्ष रसाच्या वेळी शांत राहिल्या. आपली खूण म्हणजे फ्रीजचा उजेड, पुड्याचा कुरकुरणारा कागद, घरी परतल्यावर सोफ्यावर टेकणं. ओढ तिथेच सुरू होते. चव नंतर येते, कधी येतही नाही.

याचा मला सगळ्यात आवडलेला पुरावा पॉपकॉर्नचा आहे. डेव्हिड नील, वेंडी वूड आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये सिनेमा बघायला आलेल्यांना पॉपकॉर्न दिलं. काहींना ताजं, काहींना चक्क आठवडाभरापूर्वीचं, वातड झालेलं. ज्यांना सिनेमात पॉपकॉर्न खाण्याची पक्की सवय होती त्यांनी वातड पॉपकॉर्नही ताज्याइतकंच खाल्लं, आणि वर ते आवडलं नाही असंही सांगितलं. मग संशोधकांनी एक साधी गोष्ट केली. लोकांना नेहमीच्या हाताने न खाता दुसऱ्या हाताने खायला सांगितलं. तेवढ्याने सवयीची साखळी तुटली. वातड पॉपकॉर्न कमी खाल्लं गेलं. इच्छाशक्ती कुणाचीही वाढली नव्हती, फक्त हात बदलला होता.

मग "सगळं बंद" म्हटल्यावर काय होतं? हे समजायला दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जावं लागेल. युद्धाने उपाशी ठेवलेल्या लोकांना पुन्हा माणसांत कसं आणायचं हे शोधण्यासाठी अँसेल कीज यांनी अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात नोव्हेंबर १९४४ पासून वर्षभराचा प्रयोग केला. सद्सद्विवेकबुद्धीला स्मरून युद्धात शस्त्र धरायला नकार दिलेले ३६ तरुण स्वतःहून पुढे आले. शरीराने आणि मनाने धडधाकट असलेलेच निवडले होते. आधी १२ आठवडे भरपेट खाणं आणि नंतर २४ आठवडे दिवसाला साधारण १,५७० कॅलरी, शिवाय आठवड्याला ३५ किलोमीटर चालणं. हा आकडा नीट बघा. वजन उतरवण्याच्या कितीतरी 'प्लॅन'मध्ये याहून कमी कॅलरी सांगतात.

वजन साधारण पाव भागाने घटलं, पण मनाचं जे झालं ते जास्त हादरवणारं आहे. ही मुलं दिवसरात्र अन्नाचाच विचार करू लागली. पाककृतींची पुस्तकं वाचू लागली, पाककृती जमवू लागली. जेवायला बसलं की घास पुरवून पुरवून खायचा, ताट चाटायचं. चिडचिड वाढली, उदासी आली, एकाग्रता गेली, मित्रमैत्रिणी आणि पूर्वीच्या आवडी यांतला रस उडाला. आणि प्रयोग संपून हवं तेवढं खायची मोकळीक मिळाली तेव्हा काही जण पोट फुटेस्तोवर जेवले तरी त्यांना समाधान होईना. या सगळ्यांना प्रयोगाआधी 'जिभेवर ताबा असलेली' माणसंच म्हटलं असतं. अर्धपोटी राहिल्याने जे होतं ते त्यांना झालं. आपण मात्र तेच आपल्याला झालं की त्याला स्वभावदोष म्हणतो.

औषध घेताना माकड आठवायचं नाही, अशी अट घातलेली ती जुनी गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. गोड आठवायचंच नाही असं ठरवलेल्या माणसाची गत तीच होते.

त्यातून एखाद्या दिवशी नियम मोडला की पुढचा टप्पा येतो. १९७५ मध्ये पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक यांनी काही तरुणींना मिल्कशेक प्यायला दिलं आणि नंतर 'चव सांगा' म्हणून आइस्क्रीम पुढे ठेवलं. खाण्यावर एरवी बंधन न घालणाऱ्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं, ते स्वाभाविकच. पण सतत डाएटवर असणाऱ्यांनी मिल्कशेक प्यायल्यावर उलट जास्त खाल्लं. मनातलं गणित आपल्या ओळखीचं आहे: "आता मोडलंच आहे ना, मग होऊन जाऊ दे. सोमवारपासून बघू."

याच्याही पुढचा प्रयोग क्लेअर अ‍ॅडम्स आणि मार्क लिअरी यांचा, २००७ चा. डोनट खायला दिल्यावर काही जणींना संशोधकाने सहज म्हटलं की असं सगळेच कधी ना कधी खातात, त्यासाठी स्वतःला दोष देऊ नका. मग गोड पदार्थ पुढे ठेवले. खाण्यावर कडक बंधनं घालून घेणाऱ्या ज्या मुलींना हे चार मायेचे शब्द ऐकायला मिळाले होते, त्यांनी न ऐकलेल्यांपेक्षा कमी खाल्लं. स्वतःला माफ केलं तर आपण सुटू, लाडावू, अशी भीती आपल्याला असते. घडलं उलटं. अंथरुणावर पडून स्वतःला ऐकवलेल्या त्या वाक्याऐवजी दुसरं काय म्हणता आलं असतं, याचा विचार मी हे वाचल्यावर पहिल्यांदा केला.

झोपेबद्दल थोडक्यात. कॅरिन श्पीगल यांच्या २००४ च्या अभ्यासात १२ निरोगी तरुण फक्त दोन रात्री चारच तास झोपले, तर घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढलं, लेप्टिन १८ टक्क्यांनी उतरलं, आणि ओढ विशेषतः गोड, खारट, पिठूळ पदार्थांची वाढली. रात्रीचं खाणं सुधारायचं असेल तर कधीकधी आधी झोप बघावी लागते, ती अशी.

आता उलट्या दिशेने बघू. काय खातो त्याचा मनावर परिणाम होतो का? मराठीत भीतीने 'पोटात गोळा येतो', तेव्हा आतडं आणि मेंदू यांचं सूत आपल्या भाषेला केव्हाचं ठाऊक आहे. दोघांना जोडणाऱ्या व्हेगस मज्जातंतूतले बहुसंख्य तंतू पोटाकडून मेंदूकडे निरोप नेणारे असतात. मात्र मनःस्थितीशी जोडल्या जाणाऱ्या सेरोटोनिन या रसायनाबद्दलचा एक गैरसमज दूर केला पाहिजे. 'शरीरातलं ९० टक्के सेरोटोनिन आतड्यात बनतं, म्हणून अमुक खा आणि आनंदी व्हा' असे संदेश फिरत असतात. पहिला भाग खरा आहे. पण ते सेरोटोनिन रक्तातून मेंदूत शिरत नाही, मेंदू स्वतःचं वेगळं बनवतो. एखादा पदार्थ खाल्ला आणि मन उजळलं, इतकं ते सोपं नाही.

एकूण आहार बदलला तर मात्र फरक पडू शकतो, याला आधार आहे. फेलिस जॅका यांच्या ऑस्ट्रेलियातल्या २०१७ च्या चाचणीत मध्यम ते तीव्र नैराश्य असलेले ६७ जण होते. निम्म्यांना आहारतज्ज्ञाची मदत मिळाली: भाज्या, फळं, कडधान्यं, अख्खी धान्यं, मासे, सुकामेवा वाढवायचा आणि गोड, तळलेलं, पाकीटबंद कमी करायचं. उरलेल्यांना तेवढाच वेळ गप्पांची सोबत मिळाली. १२ आठवड्यांनी पहिल्या गटातल्या ३२ टक्के लोकांचं नैराश्य ओसरलं होतं, दुसऱ्या गटात ८ टक्के. चाचणी लहान होती आणि आपण कोणत्या गटात आहोत हे लोकांना कळत होतं, त्यामुळे आकडा जपूनच घ्यावा. मला त्यातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. त्यांना कमी खायला सांगितलेलंच नव्हतं. भूक लागेल तेवढं खायचं होतं आणि वजन घटवणं हे ध्येय नव्हतं.

पाकीटबंद खाण्याचा विषय निघालाच आहे तर अमेरिकेतल्या केव्हिन हॉल यांचा २०१९ चा प्रयोगही सांगते. २० जण संशोधन केंद्रातच राहिले. दोन आठवडे कारखान्यात प्रक्रिया केलेलं अन्न, दोन आठवडे साधं रांधलेलं. पुढे ठेवलेल्या अन्नात साखर, मेद, चोथा यांचं प्रमाण सारखंच, आणि हवं तेवढं खायची मुभा. तीच माणसं प्रक्रिया केलेल्या अन्नावर रोज साधारण ५०० कॅलरी जास्त खात होती आणि खाण्याचा वेगही जास्त होता. दोन आठवड्यांत किलोभर वजन वाढलं, साध्या अन्नावर तेवढंच उतरलं. ताबा सुटला असं म्हणावं तर दोन आठवड्यांनी तो परत कसा आला?

राहिली हालचाल. इथे सगळ्यात मोठी अडचण अशी की ज्याला तिची खरी गरज आहे त्यालाच ती सुरू करणं सगळ्यात जड जातं. उदास माणसाला "जरा बाहेर पड, चाल, बरं वाटेल" असं सांगणारे खूप असतात. सल्ला खरा आहे, पण सांगणाऱ्याला हे माहीत नसतं की नैराश्य आधी उत्साहच काढून घेतं. उत्साह आला की जाईन, असं म्हणत माणूस थांबतो आणि तो येत नाही. पीटर लेविन्सन यांनी १९७० च्या दशकात मांडलेली उपचारपद्धती हा क्रम उलटा करते: आधी छोटी कृती, उत्साह तिच्या मागून येतो.

त्यात आपला अंदाजही चुकतो. मॅथ्यू रुबी आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवलं की व्यायाम किती आवडेल याचा अंदाज लोक प्रत्यक्षापेक्षा कमी करतात, कारण मनात सुरुवातीचा नकोसा भागच मोठा दिसतो. मोजे शोधायचे, अंग जड, बाहेर गारवा. ही पहिली दहा मिनिटं म्हणजेच सगळा व्यायाम असं वाटतं.

मनावर होणारा परिणाम किती? जेम्स ब्लूमेंथल यांच्या १९९९ च्या अभ्यासात नैराश्य असलेले पन्नाशीच्या पुढचे १५६ जण होते. काहींना व्यायाम, काहींना सर्ट्रालिन हे औषध, काहींना दोन्ही. १६ आठवड्यांनी तिन्ही गटांत जवळपास सारखीच सुधारणा होती. यावरून कुणी स्वतःच्या मनाने गोळ्या बंद करू नयेत, हे मी कळकळीने सांगते. तो व्यायाम देखरेखीखाली, सोबत करायचा होता, आणि सोबतीचाही उपयोग होतोच. नॉर्वेतल्या जवळपास ३४ हजार प्रौढांचा ११ वर्षं मागोवा घेतलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष असा की सगळ्यांनी आठवड्याला किमान एक तास हालचाल केली असती तर नैराश्याची सुमारे १२ टक्के नवी प्रकरणं टळली असती. आठवड्याला एक तास. जागतिक आरोग्य संघटना १५० ते ३०० मिनिटं सांगते, शरीरासाठी ते योग्यच आहे, पण शून्यावर बसलेल्या माणसाला तो आकडा दाखवला की तो शून्यावरच राहतो, असं माझं मत आहे.

धावून झाल्यावर हलकं वाटतं ते एंडॉर्फिन या शरीरातल्याच वेदनाशामक रसायनामुळे, असं आपण ऐकत आलो. पण २०२१ च्या एका प्रयोगात एंडॉर्फिनचा असर रोखणारं औषध देऊनही धावल्यावरचा आनंद टिकला. शरीर स्वतःच बनवत असलेल्या, गांजातल्या घटकांशी साम्य असणाऱ्या रसायनांकडे आता जास्त बोट दाखवलं जातं. आपल्या कामाची गोष्ट मात्र वेगळी. धाप लागून बोलता येईना इतका जोर लावला की बहुतेकांना व्यायाम चालू असताना नकोसं वाटतं, आणि नकोशी गोष्ट कुणी पुन्हा करत नाही. बरोबरच्या माणसाशी बोलता येईल इतक्या वेगाने चाला.

आणि व्यायामाला खाल्ल्याची शिक्षा बनवू नका. "काल तो तुकडा खाल्ला, आज दोन फेऱ्या जास्त" हा हिशेब मी खूप काळ केला. त्याने चालणंही नकोसं झालं आणि तो तुकडाही गोड लागेना. पुढे कधीतरी मी पावलं मोजणारं घड्याळ काढून ठेवलं आणि संध्याकाळी घरी आल्यावर, सोफ्यावर टेकायच्या आधी, बूट न काढताच वळून बाहेर पडू लागले. "घरी आले की बूट काढायच्या आधी कोपऱ्यापर्यंत", एवढंच ठरवलं होतं. 'अमुक झालं की तमुक करायचं' असं वेळ-जागेसकट ठरवलेला बेत नुसत्या 'व्यायाम करायचाय' या इच्छेपेक्षा जास्त वेळा पार पडतो, हे पीटर गोल्विट्झर यांच्या संशोधनाने दाखवलं आहे. रात्रीसाठी मी खाणं बंद केलं नाही. दिवा लावायचा, बिस्किटं बशीत काढायची, खुर्चीवर बसून खायची, एवढंच. पहिल्याच आठवड्यात पुष्कळदा दोन बिस्किटांवर हात थांबला. काही रात्री नाही थांबला.

जिथे हे उपाय पुरणार नाहीत अशीही ठिकाणं आहेत. भरभर, ताबा सुटल्यासारखं खाणं वारंवार होत असेल, खाल्लेलं मुद्दाम ओकून काढलं जात असेल, वजनाच्या भीतीने जेवणच सुटत चाललं असेल, किंवा दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच मन रमत नसेल, तर तज्ज्ञाकडे जा. खाण्याचे विकार जीवघेणे ठरू शकतात, आणि ते बाहेरून दिसतातच असं नाही. जिवाला काही करून घ्यावंसं वाटत असेल तर आज, आत्ता कुणाला तरी सांगा.

सवय रुजायला किती दिवस लागतात, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. २१ दिवस हे उत्तर सगळीकडे ऐकू येतं. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांना १२ आठवडे बघितलं, तेव्हा मधला आकडा ६६ दिवस निघाला आणि कमीजास्तपणा १८ पासून २५४ दिवसांपर्यंत (१२ आठवड्यांपुढचे आकडे गणिताने काढलेला अंदाज आहेत). त्यात आणखी एक नोंद आहे, जी मी फोनवर रडवेल्या आवाजात "काल परत तेच झालं" म्हणणाऱ्या मैत्रिणीला वाचून दाखवली होती: मध्ये एखादा दिवस चुकला म्हणून सवय रुजण्यात काही फरक पडला नव्हता. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "थांब, बूट घालते. चालता चालता बोलू."